दमणीच्या रुंदीची वाट

ट्रॅक्टर वाटेच्या तोंडाशी येऊन थांबला, तेव्हा आत्या बांधावर बसून बटाटे निवडीत होत्या. कुदळीचा घाव लागलेले एका बाजूला, अखंड दुसऱ्या बाजूला. अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या देहासाठी घराने हे एवढेच काम राखून ठेवले होते, आणि तांदळातला खडा टिपावा तशा एकाग्रतेने त्या ते करीत. यंत्राचा आवाज बंद पडला. पुढे जाण्याच्या वाहनाने मध्येच गप्प होणे हे काही बरे लक्षण नव्हे, एवढे त्यांना कानांनीच कळले.

शेत मोठ्या रस्त्यापासून चारशे पावले आत होते. मधली जमीन पंप दुरुस्त करणाऱ्या शेजाऱ्याची. तीस वर्षे ती पडीक राहिली, म्हणून तीस वर्षे ट्रॉली तिच्यातून तिरपी येत-जात होती, आणि वाट नावाची वस्तू कोठून कोठे जाते हे पाहण्याची कोणाला गरज पडली नव्हती. यंदा शेजाऱ्याने तेथे फळबाग लावली. दगडी खांब रोवले, काटेरी तार ओढली. बांधाच्या कडेने जुनी वाट तेवढी मोकळी सोडली. ती पाच फूट रुंद होती. ट्रॉली सात फुटांची.

ट्रॅक्टर हाकणाऱ्याला सारे भोंग्या म्हणत, कारण त्याचा भोंगा त्याच्या आधी पोहोचत असे. तो खाली उतरला, खांबांमधले अंतर हात पसरून मोजले आणि आत्यांच्या भाच्याकडे वळला.

"मालक, ट्रॉली काय साडी आहे, घडी घालून आत न्यायला?"

"जरा तिरकी घालून बघ की."

"तिरकी घातली तर खांब पडतील नाहीतर मी पडेन. खांब पडले तर तो मला पाडेल. म्हणजे पडणार मीच."

भाचा हसला नाही. पंचावन्नाचा झाला होता. बापासारखाच वरचा ओठ चावण्याची त्याला खोड होती. त्याच्यामागे शेतात एकशे चाळीस पोती उभी होती, आणि तितक्याच पोत्यांचा माल अजून सऱ्यांमध्ये पाल्याखाली झाकलेला होता. ऊन कडक होते. त्याहून वाईट म्हणजे पश्चिमेकडे ढग येऊ लागले होते. जमिनीबाहेर काढलेला बटाटा उन्हाने हिरवा पडतो आणि पाण्याने सडतो. त्याला दोन्ही शत्रू एकाच वेळी चाल करून आले होते.

तो शेजाऱ्याकडे गेला. शेजारी खांबाशी उभा राहून तारेला पीळ देत होता.

"यंदापुरती तार खाली सोड. माल निघाला की मी स्वतः बांधून देतो."

शेजाऱ्याने पकड खिशात घातली. त्याचा स्वर उद्धट नव्हता. "दादा, यंदापुरती सोडली की पुढच्या वर्षी वहिवाट म्हणतात. हे मला कोणी शिकवलं? तुमच्याच वडिलांनी. विहिरीचं पाणी मागितलं तेव्हा."

ते खरे होते.

अर्ज आधीच दिला होता. जमिनीचे वाद पाहणारे साहेब गुरुवारी येणार होते. जुन्या कागदावर 'गाडीवाट' एवढाच शब्द होता. रुंदी लिहिलेली नव्हती. ज्या काळी कागद झाला, त्या काळी गाडी म्हणजे केवढी हे लिहून ठेवावे असे कोणाला वाटलेच नव्हते. आता प्रश्न एवढाच उरला होता: त्या वाटेने पूर्वी कोणते वाहन जात असे? आणि ते पाहिलेला जीव सबंध पंचक्रोशीत एकच शिल्लक होता.

"आत्या म्हणतील ते मला मान्य," शेजारी जाताजाता म्हणाला. "त्या खोटं बोलणार नाहीत."

"मलाही मान्य," भाचा म्हणाला, आणि त्याच्या चेहऱ्यावर त्या दिवशी पहिल्यांदा थोडी कळा आली.

आत्यांनी हे ऐकले. त्यांच्या हातातला बटाटा चिरलेला होता की अखंड, हे त्यांना क्षणभर कळेना.

लग्नानंतर अकरा महिन्यांत त्या माहेरी परत आल्या होत्या. त्याला आता साठ वर्षे झाली. भावाचे घर, मग भाच्याचे घर. या साठ वर्षांत त्यांनी पाळणे हलवले, धान्य पाखडले, आजाऱ्यांच्या उशाशी बसल्या. परंतु घराने त्यांना कधी काही विचारले नव्हते. विचारावे असे त्यांच्यापाशी काय होते? एक गाड्यांची माहिती होती. कोणते वाहन कोठून येते आहे हे त्या चाकांच्या आवाजावरून सांगत, म्हणून लहानपणी त्यांना 'दमणी' हे टोपणनाव पडले होते. पुढे गाड्या गेल्या आणि ऐकायचे आवाजही गेले. घरातली मुले लहान असताना ती माहिती ऐकत. मोठा ओझ्याचा तो गाडा, त्याला चार बैल. उघडा, हलका तो छकडा. वर बांबूच्या तट्ट्याचे छत, आत गादी, माणसे न्यायची ती दमणी. दोन माणसांची, पळती ती रेंगी. आईच्या माहेरी छकड्याला खाचर म्हणत आणि नदीपलीकडे सगळ्यालाच बंडी. आई नवी नवरी असताना "खाचर जुंपलं का?" म्हणाली, तर सासरची सारी माणसे महिनाभर हसत होती. मग मुले मोठी झाली. मोटारसायकलींच्या नावांपुढे दमणीला कोण विचारतो?

बुधवारी संध्याकाळी, दिवेलागणीच्या आधी, सूनबाईने ओसरीवर आत्यांपुढे पाट ओढला. भाच्याची ही बायको जिभेने तिखट आणि हाताने उदार होती. आत्यांना ती चहा नेहमी पहिला देई आणि टोमणाही.

"आत्याबाई, मी साहेब. सांगा, या वाटेनं काय जायचं?"

"साहेब पाटावर बसतात होय?" आत्या म्हणाल्या.

"थट्टा नको. काय जायचं?"

"गाडी जायची."

"कसली गाडी? गाडा म्हणायचं. गाडा! चार बैलांचा."

"गाडा होता ना आपला. केवढा! धाव बसवायला सहा माणसं लागायची. लोखंड लाल करून चाकावर चढवलं की वर पाणी ओतायचं, अशी वाफ…"

"वाफ राहू द्या. गाडा वाटेनं शेतात जायचा. बरोबर?"

आत्या थांबल्या. "गाडा तिथं, वाटेच्या तोंडाशी…"

"तोंडाशी नाही," भाचा मध्येच म्हणाला. तो उंबऱ्यावर बसून पायाच्या भेगांत तेल भरत होता. "शेतात. बाबा सांगायचे की, विहिरीचे दगड गाड्यानंच आत नेले. आत्या, तू पाहिलंयस ना?"

"पाहिलंय."

"मग तेवढं सांग. खोटं कुठं सांगायचंय? जास्तीचं सांगायचं नाही, इतकंच."

हे म्हणताना तो आत्यांकडे पाहत होता. लहानपणी तापात त्याने असेच पाहिले होते. आत्यांनी पदराने तोंड पुसले. विहिरीचे दगड नेले त्या वर्षी गाडा आत गेला होता, यात असत्य काही नव्हते. बाकीच्या वर्षांचे कोणी विचारले तर पाहू. त्यांनी मनाशी तो एक शब्द धरला, आणि झोपेपर्यंत ओठांनी घोळवला: गाडा, गाडा.

गुरुवारी सकाळी साहेब आले. आत्यांनी साहेब म्हणजे कोणी जाडजूड, घाईत असलेला मनुष्य कल्पिला होता. हे तर सडपातळ, कानांजवळ केस पिकलेले, जोडे काढून हातात घेऊन शेतात चालणारे गृहस्थ निघाले. बरोबर एक कारकून, त्याच्या काखेत कागदांची फाईल. त्यांनी वाट एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चालून पाहिली. पोती पाहिली. वाकून एक बटाटा उचलला, माती पुसली आणि पुन्हा जागेवर ठेवला. मग आत्यांसमोर, पालथ्या टोपलीवर, बसले.

"आजी, उन्हात बसवलं तुम्हाला. त्रास होत नाही ना?"

"माझं काय, मी उन्हातलीच," आत्या म्हणाल्या. मनात एकच चालले होते: गाडा, गाडा.

"या वाटेनं पूर्वी काय जायचं, आठवतं?"

"गाडा."

भाच्याने श्वास सोडला. कारकुनाने लिहिले. सूनबाई पाण्याचा तांब्या घेऊन उभी होती; तिने तो खाली ठेवला. एवढ्यावर सारे संपले असते. परंतु साहेबांनी मान किंचित वाकडी केली आणि ते आपल्याशीच बोलल्यासारखे म्हणाले,

"गाडा. फार वर्षांनी ऐकला हा शब्द. माझ्या आजोळी रेंगी होती, आजी. एवढीशी. बैल पळायला लागले की पोटातलं पाणी हलायचं. मामा मुद्दाम खड्ड्यातून न्यायचा."

"रेंगी?" आत्या म्हणाल्या. "खरंच रेंगी? का छकड्यालाच म्हणायचे?"

"नाही हो, रेंगीच. दोघांपुरती. तिसरा बसला की मामा त्याला शेपटासारखा मागं लोंबकळत ठेवायचा. तो तिसरा मी."

आत्या हसल्या. साठ वर्षांत असा मनुष्य त्यांना भेटला नव्हता, ज्याला रेंगी आणि छकडा यांतला भेद सांगावा लागत नाही. चेहऱ्यावरचे ऊन त्यांना एकाएकी सकाळचे, फार जुने वाटू लागले.

"आमची दमणी होती," त्या म्हणाल्या. "रेंगीला छत नसतं. दमणीला तट्ट्या असतो, असा कमानदार. वडील पुढं, आम्ही दोघं मागं. मी आणि माझा भाऊ, ह्याचा बाप. पाय खाली सोडून. वंगणाचा वास यायचा, नाकातून जायचाच नाही. आई म्हणायची, पोरं आहेत की कणे आहेत गाडीचे!"

"शेतात यायचात दमणीतून?"

"रोज! ह्याच वाटेनं. तेव्हा तारा कुठल्या? दोन्ही बाजूंनी घाणेरी माजलेली. काळीभोर फळं. मी डावीकडची तोडायची, तो उजवीकडची. वाटेच्या शेवटाला कोणाच्या ओंजळीत जास्त, ते बघायचं. तो हरला की माझ्या ओंजळीला खालून टप्पल मारायचा."

"उतरून तोडायचात?"

"उतरायचं कशाला, बाळा?" साहेबांना आपण बाळा म्हटले हे त्यांच्या ध्यानातही आले नाही. "बसल्या जागी हात बाहेर काढला की फळ. दमणी घासूनच जायची. तट्ट्यावर दोन्हीकडं ओरखडे उठायचे. वडील दर वर्षी नवा तट्ट्या बांधायचे आणि दर वर्षी घाणेरीला शिव्या द्यायचे."

शेजारी खांबाला टेकून उभा होता. त्याने मान खाली घातली. भाचा म्हणाला, "आत्या…"

परंतु आत्या आता वाटेत होत्या, आणि वाटेत असलेल्या मनुष्याला हाक ऐकू येत नाही.

"मग गाड्याला तर अडचण होत असेल," साहेब म्हणाले. त्यांच्या स्वरात कसलाही डाव नव्हता. ते खरोखरच त्या वाटेवर आत्यांच्या शेजारी बसून चालले होते.

"गाडा कुठला आत येतोय! तो रस्त्याला उभा असायचा, पुढं टेकू लावून. दमणीचं छत काढायचं, गादी काढायची, आणि तिनंच माल गाड्यापर्यंत न्यायचा. एका दिवसात अकरा फेऱ्या! मी मोजायची. वडील म्हणायचे, दमणी, किती झाल्या गं?"

हे बोलून त्यांनी कौतुकाच्या अपेक्षेने भाच्याकडे पाहिले.

भाच्याने वरचा ओठ दातांत धरला होता. सूनबाई तांब्याकडे पाहत होती. भोंग्या, जो रस्त्यावरून ऐकायला म्हणून येऊन उभा राहिला होता, टोपी काढून डोके खाजवीत होता. कारकुनाचे पेन मात्र चालू होते. पेन थांबले, तेव्हा आत्यांना कळले.

"पण गाडा आला होता," त्या घाईने म्हणाल्या. "आत आला होता. विहिरीचे दगड घेऊन. मी पाहिलाय. ह्यालाही माहीत आहे."

"कितीदा, आजी?"

आत्यांनी तोंड उघडले. 'नेहमी' हा शब्द जिभेवर होता. साहेबांचे डोळे इतके स्वच्छ, इतके आपले होते, की त्यांच्यापुढे तो शब्द उचलवेना.

"एकदा."

"तेव्हा कुंपण होतं?"

"काढलं होतं," आत्या म्हणाल्या. आवाज इतका बारीक झाला की कारकुनाला पुन्हा विचारावे लागले, आणि त्यांना ते पुन्हा सांगावे लागले. "घाणेरी तोडली होती. दगड आल्यावर पुन्हा वाढली."

साहेबांनी डोळे चोळले. "आजी, तुम्ही फार छान सांगितलंत. मला वाईट वाटतं." ते भाच्याकडे वळले. "वाट दमणीच्या रुंदीची आहे. साडेचार-पाच फूट. ती त्यांनी सोडली आहे. मला दुसरं काही लिहिता येणार नाही."

"माल सडेल साहेब."

"दिसतंय मला. तुम्ही दोघं आपसात समजुतीनं…"

शेजारी खांबापासून दूर झाला. "दादा, मला आनंद नाही झाला. पण ट्रॉली वळली की माझ्या चार ओळी जातात. रोपं आत्ताच जीव धरतायत." त्याने वाटेकडे बोट केले. "माणसांना वाटेतून जायला मी कधी नाही म्हटलं?"

कारकुनाने जबाब वाचून दाखवला. आत्यांची दमणी, आत्यांची घाणेरी, अकरा फेऱ्या, सारे कागदावर कोरडे होऊन आले होते. आणि तरीही त्यातले अक्षर न् अक्षर खरे होते. त्यांनी सही केली. दुसरीपर्यंत शिकल्या होत्या. सहीला वेळ लागला, आणि तेवढा वेळ सारे उभे राहिले.

निघताना साहेबांनी खिशातून एक छोटी वही काढली. "आजी, तुमच्याकडची आणखी नावं सांगाल? मी लिहून ठेवतो. कोणी सांगणारं राहिलं नाही."

आत्या वाटेकडे पाहत होत्या.

"मला काही आठवत नाही," त्या म्हणाल्या.

दुपारपासून पोती पाठीवरून निघू लागली. गावातले सारे हात त्याच आठवड्यात आपापल्या काढणीत गुंतलेले. मिळाले ते दोन हमाल, शिवाय भाचा, सूनबाई आणि भोंग्या. भोंग्याचे हे काम नव्हते. परंतु रिकामा ट्रॅक्टर घेऊन परत जायला त्याला लाज वाटली. चारशे पावले भरलेले, चारशे पावले रिकामे. पुरुष पाठीवर अख्खे पोते घेत. सूनबाई अर्धे डोक्यावर घेई, आणि ट्रॉलीपाशी ते उतरवताना तिची मान एका बाजूला कलती राही. पहिल्या दहा खेपांत बोलणे होते. पुढे नुसते श्वास राहिले.

आत्या वाट पाहत होत्या. सूनबाई येताजाता काहीतरी बोलेल, साठ वर्षे खाल्लेले अन्न काढील, निदान एक टोमणा मारील. उलट ती पाणी प्यायला थांबली, तेव्हा तिने पहिला पेला आत्यांपुढे धरला.

त्या उठल्या. एका पोत्यातले निम्मे बटाटे ओतून उरलेले खांद्यावर घेण्याची खटपट करू लागल्या. भाच्याने मागून येऊन ते त्यांच्या हातातून काढून घेतले. चिडून नव्हे, लहान मुलाच्या हातून सुरी काढून घेतात तसे.

"तू बस, आत्या."

"मी गाडा म्हणाले होते रे. आधी गाडाच म्हणाले."

"हो. म्हणालीस." आणि तो पोते घेऊन गेला.

वाटेच्या मध्यावर, जेथे ती वळण घेते, तेथे खांब जरा आत आला होता आणि तारेला पोक आले होते. पाठीवर पोते घेतलेल्या मनुष्याला तेथे आडवे व्हावे लागे. दोन पोती काट्यांवर फाटली. बटाटे वाटेवर गडगडले, शेजाऱ्याच्या आळ्यांत जाऊन पडले, आणि हमाल शिव्या देत ते वेचू लागले. आत्या तेथवर चालत गेल्या. पदर उजव्या तळव्याभोवती तीनदा गुंडाळला, मधली तार काट्यांच्या बेचक्यात धरली आणि सारे अंग मागे टाकून ती ओढून धरली. वाट वीतभर वाढली.

हमाल थबकला. "म्हातारे, हात कापेल."

"जा तू."

तो गेला. त्याच्यामागून भाचा गेला. त्याने पाहिले, पण पाठीवर ओझे असताना थांबता येत नाही. मग भोंग्या, मग सूनबाई. पोत्यांचा खरखरीत स्पर्श आत्यांच्या दंडाला होई. रिकामी माणसे परत येत तेव्हा तार सैल करता आली असती. परंतु एकदा सोडली तर पुन्हा ओढण्याची शक्ती येईल याचा त्यांना भरवसा नव्हता. म्हणून त्यांनी ती सोडली नाही.

ऊन कलले. वारा फिरला आणि त्याला ओल्या मातीचा वास आला. बाष्पाने जड झालेले आभाळ बागेवर वाकले. पहिले थेंब मोठे आणि विरळ पडले. पोत्यांवर पैशाएवढे डाग उठले. कोणी पळत पाला आणि फाटकी ताडपत्री ओढायला शेतात गेले. भोंग्याने ट्रॉलीवर झाकण टाकले. त्रेसष्ट पोती बाहेर आली होती. उरलेली आत होती, आणि सऱ्यांमधल्या मालाचा तर विचारही कोणी करीत नव्हते.

पाऊस धरला. वाट हां-हां म्हणता चिखल झाली. ओझे घेऊन तिच्यावर पाऊल ठरेना, तेव्हा माणसे एकेक करून थांबली.

"आत्या, सोड आता," भाचा ट्रॉलीजवळून ओरडला.

आत्या तशाच उभ्या होत्या. केस कपाळाला चिकटले होते. सूनबाई चिखलातून त्यांच्याकडे आली. तिने आत्यांच्या मुठीला हात लावला, मूठ उघडेना. पदर काट्यांत रुतला होता आणि त्यातून लाल पाणी गळत होते. सूनबाईने एकेक बोट धरून, तारेवरून हळूहळू सोडवले. करंगळी शेवटी सुटली. तार सुटून खांबावर आदळली.

आत्यांनी तिच्याकडे पाहिले. आता बोलेल, त्यांना वाटले. आता बोलू दे.

सूनबाईने आपल्या ओल्या पदराची चिंधी फाडली आणि त्या तळव्यावर घट्ट बांधली.

"उद्या डाव्या हातानं धरा," ती म्हणाली.